गोडादऱ्यातील पूर्तधर्म

घरपट्टी भरण्यात पुण्य आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी धर्मचर्चेपेक्षा कचेरीच्या खिडकीपाशी अधिक शोभेल असा वाटतो; परंतु ज्या समाजाने पाणपोई घालणे, विहीर खणणे, वाटसरूसाठी सावलीचे झाड लावणे ही कृत्ये शतकानुशतके धर्माच्या खात्यावर जमा धरली, त्याने नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा आणि प्राथमिक शाळा ही मात्र त्या खात्यातून वगळून सरकारी दप्तरात का टाकून दिली, हे विचारल्यावाचून धर्माचा विचार पुरा होत नाही, असे माझे मत आहे.

हा विचार सुचण्यास गोडादऱ्यासारखी जागा दुसरी नाही. सुरतेच्या आग्नेय अंगाला, पर्वत पाटिया, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी असलेली ही वस्ती मुळात एक खेडे. 2006 साली महानगरपालिकेची हद्द सुमारे 112 चौरस किलोमीटरांवरून 326 पर्यंत वाढली, त्या काळात असल्या अनेक खेड्यांची ग्रामपंचायत जाऊन तेथे शहराचा कारभार आला, आणि ज्या जमिनीवर ज्वारी-ऊस उभा राहत असे तेथे सोसायट्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. या ओळींतून धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील माणूस इतका दाट आहे की सकाळी दूध आणायला निघालेल्याच्या कानावर गुजराती पडण्याआधी अहिराणी पडते. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत सुरतेतील उधन्याला येणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने ही माणसे आली. पुरुष लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा-बारा तासांच्या दिवसपाळी-रातपाळीला लागले, बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या नि डायमंड लावू लागल्या, लेस शिवू लागल्या. येथे तीस-तीस वर्षे राहून, येथेच मुलांची लग्ने करून, येथल्याच स्मशानात वडिलांना पोहोचवून आलेल्या गृहस्थालाही 'गाव कोणते?' असे विचारले, तर तो शिरपूर सांगेल, पारोळा सांगेल, एरंडोल सांगेल. गोडादरा सांगणार नाही.

या उत्तरात कृतघ्नता नाही. जेथे कुलदैवत आहे, जेथे भाऊबंद आहेत, तेथे मन राहावे हे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे धर्माच्या दृष्टीने एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. गावच्या मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की खात्यात राबून साठवलेल्या पैशांतून पाच हजारांची पावती फाडली जाते, सप्ताहाची एक पंगत आपल्या नावावर घेतली जाते. आणि जेथे आपली पोरे रोज सकाळी दप्तर घेऊन जातात त्या नगरपालिकेच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपल्या धर्मात कोठे बसते याचा कोणी विचार करीत नाही. पुण्य गावी, आणि राहणे येथे, अशी ही विभागणी झाली आहे.

आपल्या शास्त्रकारांनी धर्मकृत्यांचे दोन भाग केले होते: इष्ट आणि पूर्त. यज्ञ, होम, पूजन हे इष्ट. विहिरी, तळी, देवालये, बागा बांधणे आणि अन्नदान करणे हे पूर्त. स्मृतींतील एका मताप्रमाणे इष्टाने स्वर्ग मिळतो, पण पूर्ताने मोक्ष मिळतो; आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की वैदिक इष्टकर्माचा अधिकार ज्यांना नाकारला होता त्या शूद्रांनाही पूर्ताचा अधिकार आहे, असे त्याच ग्रंथांनी मान्य केले. ज्या शास्त्राने माणसामाणसांत इतक्या भिंती घातल्या, त्याला सार्वजनिक कामाच्या दारापाशी मात्र त्या भिंती ठेवता आल्या नाहीत, ही साधी बाब नव्हे.

पूर्ताचा विधीही ध्यानात घेण्याजोगा आहे. तळे बांधून झाले की यजमान त्याचा उत्सर्ग करतो. म्हणजे सर्व भूतमात्रांसाठी ते पाणी सोडून दिले, असे उच्चारून स्वतःचे स्वामित्व संपवतो. त्यानंतर त्या पाण्यावर त्याचा हक्क इतर कोणाहून अधिक राहत नाही. तहान लागली तर त्यानेही दहा जणांबरोबरच ओंजळ धरायची. ही कल्पना मला अत्यंत थोर वाटते. दान देणारा घेणाऱ्यापेक्षा उंच राहतो, हा दानातला सूक्ष्म दोष उत्सर्गात उरत नाही. आणि पुढे असेही सांगितले आहे की जुने, पडके झालेले तळे जो दुरुस्त करील त्याला नवे बांधणाऱ्याहूनही अधिक पुण्य आहे. नव्या कामाच्या उद्घाटनाला जमणारी गर्दी आणि जुन्या कामाच्या डागडुजीला मिळणारी उपेक्षा यांची सवय झालेल्या आपल्या काळाने हे वचन पुन्हा वाचावे.

अर्थात शास्त्रात उत्सर्ग सर्व भूतांसाठी आणि व्यवहारात मात्र पाणी काही माणसांना बंद, हे आपल्या इतिहासातले पाप झाकण्यात अर्थ नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा पूर्तधर्माचा खरा अर्थ पुण्यात प्रथम कृतीत उतरला; हेच जोतीराव पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, आणि 1882 साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी निवेदन दिले. पाणी आणि अक्षर ही दोन्ही त्यांच्या दृष्टीने एकाच धर्माची अंगे होती. महाडची कथा तर याहून बोधप्रद आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. दप्तरात तळे उघडले, आणि काठावर ते बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह तेथे जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा नगरपालिकेच्या त्या कोरड्या ठरावात प्रथम प्राण आला. त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला, आणि तळ्याविषयीच्या दाव्यात न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 साल उजाडले. नगरपालिका ठराव करू शकते. तो ठराव जगवणे हे नागरिकाचे काम आहे, आणि ते काम धर्माच्या कोटीतले आहे, एवढे या इतिहासावरून मी घेतो.

मग नगरपालिकेचा कर भरणे हेही पूर्तच काय? येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. पूर्त हे स्वेच्छेने करायचे असते. कर हा सक्तीने वसूल होतो. न भरल्यास नोटीस येते, नळ तोडतात, मालमत्तेला कुलूप लागते. ज्या कृत्यामागे जप्तीचा धाक आहे, त्यात पुण्य कसले? आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझे उत्तर असे, की करात पुण्य नाहीच. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की माणूस जन्मतःच देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचेही ऋण घेऊन येतो. कर म्हणजे त्या चौथ्या ऋणाचा हप्ता होय. तो चुकवला तर पाप, फेडला तर केवळ ऋणमुक्ती. घरपट्टीची पावती देव्हाऱ्यात ठेवण्याचे कारण नाही. पूर्त सुरू होते ते पावती हातात पडल्यानंतर, जेथे कायदा सक्ती करीत नाही पण जागा मोकळी ठेवतो तेथे.

अशी एक जागा कायद्याने खरोखरच मोकळी ठेवली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे, आलेले अनुदान कसे खर्च झाले ते तपासणे, हे अधिकार या समितीला आहेत. ज्या देशात 1911 साली गोखल्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, आणि ज्या सुरतेच्या शेजारी, नवसारी प्रांतासह साऱ्या बडोदे संस्थानात, सयाजीरावांनी 1906 साली ते सक्तीचे करून दाखवले, त्या देशात खात्यात राबणाऱ्या माणसाच्या बायकोला शाळेच्या खर्चाचा हिशेब विचारण्याचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

आता ती बैठक कशी होते ते पाहावे. दुपारची वेळ, पाचवीच्या वर्गातले बुटके बाक, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, टेबलावर हजेरीचे रजिस्टर. एक आई घाईने येते. तिच्या पदराला साडीवरचे टिकल्यांचे दोनचार दाणे अजून चिकटलेले आहेत, बोटांवर डिंकाचा वाळलेला थर आहे, आणि घरी अर्धा गठ्ठा बाकी आहे, जो संध्याकाळी शेठचा माणूस घेऊन जाणार आहे. रजिस्टर तिच्यापुढे सरकवले जाते, ती सही करते, आणि शिक्षिकेने आराखड्याबद्दल मत विचारले की म्हणते, "माले काय समजस त्यामा?" शिक्षिका भली असते, तिच्याही डोक्यावर कागदांचा भार असतो, बैठक संपते. येथे दोष त्या आईचा नाही. तिला सप्ताहाच्या पंगतीत किती शेर डाळ लागेल हे बिनचूक सांगता येते; शाळेत किती मुलांमागे किती नळ हवेत हे तिला सांगता येणार नाही, असे मी मानीत नाही. हे आपले काम आहे, आणि ते देवाघरीही मोजले जाते, असे तिला कोणी कधी सांगितले नाही, इतकेच.

तिचे सामर्थ्य पाहायचे असेल तर श्रावणात गोडादऱ्यात यावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते. त्याआधी गल्लीतली पिठाची गिरणी धुऊन स्वच्छ केली जाते, आणि रोटाचे गहू घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा माप, या हिशेबात एका मुठीची चूक होत नाही. वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊबंद त्या दिवशी एका घरात येतात, रात्र जागवतात, सोमवारी वाजतगाजत आईला निरोप देतात. शिस्त, हिशेब, स्वच्छता, एकोपा, यांपैकी कशाचीही उणीव तेथे भासत नाही. हे इष्ट आहे, आणि उत्तम इष्ट आहे. पण रोटाचा प्रसाद भाऊबंदांच्या बाहेर जात नाही, असा त्याचा नियम आहे. आणि प्रत्येक इष्टकर्माला अशी एक उंबऱ्याची मर्यादा असतेच. ज्याचे कूळ ठाऊक नाही, जो शेजारच्या इमारतीत ओडिशाहून किंवा उत्तर प्रदेशातून येऊन राहिला आहे, त्याच्या पोराच्या ताटापर्यंत आपला धर्म पोहोचावा, यासाठीच पूर्त सांगितले आहे. कूळ जेथे संपते तेथून पूर्ताची हद्द सुरू होते.

खानदेशच्या माणसाला हे तत्त्वज्ञान परके नाही. ज्या अमळनेरवरून त्याची गाडी येते तेथे कापडगिरणीचे मालक प्रताप शेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि अद्वैताचा अभ्यास तेथे वर्षानुवर्षे चालला. साने गुरुजी प्रथम तेथेच विद्यार्थी म्हणून आले होते. आत्मा सर्वत्र एकच आहे, हे गिरणीच्या गावात मांडलेले मत खात्याच्या गावात आचरायचे, तर त्याला नगरपालिकेच्या शाळेहून योग्य जागा मला दिसत नाही. सुरतेच्या महापालिकेने मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी असे संविधानाचे 350अ हे कलम सांगते, आणि परप्रांतातून पोटासाठी आलेल्यांच्या मुलांना त्यांच्या आईच्या भाषेत पाटी देणाऱ्या या शहराचे ऋण आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण कोणतीही मराठी शाळा केवळ तरतुदीवर जगत नाही. पालकांनी पाठ फिरवली की वर्ग ओस पडतात, आणि ओस वर्ग बंद करणे कोणत्याही कचेरीला एका हुकमाने साधते.

गाडगेबाबांनी आयुष्यभर पूर्ताचेच काम केले आणि तेच सांगितले. 1876 साली जन्मलेला, अक्षरओळख नसलेला हा पुरुष गावात शिरला की आधी खराट्याने रस्ता झाडी आणि मग कीर्तनाला उभा राही; पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्याने धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पोरांना शाळेत घाला, त्यासाठी एक भांडे विकावे लागले तरी चालेल, असा त्याचा आग्रह असे. 1994 च्या प्लेगने सुरत हादरली, आणि त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर झाडूनपुसून उभे राहिले, तेव्हा प्रशासनाने खराटा हाती घेतला. बाबांनी तो कोणत्याही पदावाचून घेतला होता. दोन्ही खराटे लागतात. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. महापालिकेच्या शाळा चालवणाऱ्या शिक्षण समितीच्या अधिकाऱ्यांना ही, की व्यवस्थापन समितीची बैठक दुपारी न घेता पाळी सुटल्यावर घ्यावी, कारण अर्धी पाळी बुडाली की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती सोडून येण्याची अपेक्षा गरिबाकडून करणे न्यायाचे नाही. आणि गोडादऱ्यातील माझ्या खानदेशी बंधुभगिनींना ही, की गावच्या देवळाची पावती अवश्य फाडा, कानबाईचे रोट अवश्य करा. पण तुमचे नाव शाळेच्या समितीत असेल तर पुढच्या बैठकीला जा, सही करण्याआधी खर्चाचा कागद मागा, वाचता येत नसेल तर मोठ्या मुलीला बरोबर नेऊन तिच्याकडून वाचून घ्या, आणि पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली ते विचारा.