कासरा नसलेली गाडी



डिसेंबरात आपल्याकडे जरा गारठा पडला की पहाटेच्या मिस्साला निम्मी बाके रिकामी राहतात. (हा टोमणा नाही, निरीक्षण आहे.) आज आम्ही तुम्हाला अलास्का या अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यात नेणार आहोत. तेथे ऐन हिवाळ्यात, पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली असताना, चौदा ते सतरा वर्षांची मुले कुत्र्यांनी ओढलेल्या स्लेजगाड्या घेऊन शर्यतीला निघतात.

या शर्यतीचे नाव ज्युनियर आयडिटरॉड. ती १९७८ पासून होत आली आहे. मोठ्यांची आयडिटरॉड शर्यत सुमारे हजार मैलांची, म्हणजे सोळाशे किलोमीटरची असते. मुलांची साधारण दीडशे मैलांची. एका गाडीला दहापर्यंत कुत्रे जुंपतात आणि मागच्या फळ्यांवर ते पोर एकटे उभे असते. आपण शेतकऱ्यांची माणसे, म्हणून आम्हाला एका गोष्टीचे फार नवल वाटले. या गाडीला कासरा नसतो. बैल वळवायला आपल्या हाती कासरा असतो, घोड्याला लगाम असतो. इथे फक्त आवाज. 'जी' म्हटले की उजवीकडे, 'हॉ' म्हटले की डावीकडे. पुढचा कुत्रा ऐकेल तर ऐकेल. आणि तो ऐकतो, कारण हा आवाज त्याने पिल्लू असल्यापासून ऐकलेला असतो. याच आवाजाने त्याला खायला घातलेले असते, याच हातांनी त्याची घाण काढलेली असते. योहानच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय घरी काढून पाहा. मेंढरे मेंढपाळामागे का जातात याचे जे कारण प्रभू येशू तेथे देतो, ते अलास्कातील एखादा चौदा वर्षांचा मुलगा बहुधा आमच्यापेक्षा चांगले समजावून सांगेल.

अर्ध्या वाटेवर, येंटना येथे, किमान दहा तासांचा सक्तीचा मुक्काम असतो. दमलेले, भुकेलेले, बोटे बधिर झालेले पोर तेथे पोचते. मग आधी काय? आधी कुत्रे. पेंढा पसरायचा, बर्फ वितळवून पाणी करायचे, खाणे शिजवून घालायचे, प्रत्येक पंजा हातात घेऊन तपासायचा. दहा कुत्र्यांचे चाळीस पंजे, आणि त्या प्रत्येकावरचा छोटा कापडी मोजा उतरवायचा. हे सारे झाल्यावर स्वतःचे जेवण. एखादा कुत्रा वाटेत थकला, लंगडू लागला तर त्याला उचलून गाडीत घ्यायचे आणि ते ओझे वाहून न्यायचे, मग नंबर मागे पडला तरी चालेल.

आणि आईवडील? तीच तर आजची मुख्य गोष्ट आहे. वर्षभर ते सोबत असतात. बर्फ पडण्याआधी कुत्र्यांना चाकांच्या गाडीला जुंपून सराव करून घेतात, पदरचा पैसा घालतात, पहाटे उठतात. शर्यत सुरू होताना गाडी धरून ठेवायला मोठी माणसे लागतात, इतके ते कुत्रे अनावर झालेले असतात. मग इशारा होतो आणि हात सोडावे लागतात. त्यापुढे मदत करायची नाही, असा नियम आहे.

तेथील सीव्ही या घराण्याविषयी आम्ही जरा आवडीने वाचले. आजोबा डॅन १९६३ मध्ये मिनेसोटाहून सेवर्ड या गावी शिक्षक म्हणून आले. १९७३ च्या पहिल्याच आयडिटरॉडमध्ये ते तिसरे आले. मुलगा मिच २००४ मध्ये जिंकला. २०१२ साली तर आजोबा, मुलगा आणि नातू डॅलस तिघेही एकाच शर्यतीत उतरले. आजोबांचे वय तेव्हा ७४. नातू पंचविसाव्या वर्षी जिंकला, सर्वांत तरुण विजेता म्हणून. त्याच्या काही दिवस आधी त्याचा धाकटा भाऊ कॉनवे मुलांची शर्यत जिंकला होता. पुढे २०१७ मध्ये बापाने मुलाला दुसऱ्या क्रमांकावर टाकले आणि सत्तावन्नाव्या वर्षी सर्वांत वयस्कर विजेता ठरला. (मुले मोठी झाली म्हणून आपले दिवस संपले, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे कापून ठेवावे.) आजोबा डॅन २०१९ मध्ये वारले.

या खेळावर टीका होते, तीही सांगितली पाहिजे. मोठ्या शर्यतीत कुत्रे दगावले आहेत, २०२४ मध्ये तीन. प्राणिप्रेमी विचारतात, मुक्या जिवांना इतके का पळवायचे? प्रश्न खरा आहे आणि आमच्याकडे त्याचे सोपे उत्तर नाही. माणसाला प्राण्यांवर अधिकार दिला तो राखणदार म्हणून, एवढे आम्ही धरून आहोत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचे एक मत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते : घर बांधत बांधतच माणूस गवंडी होतो आणि शौर्याची कृत्ये करत करतच शूर होतो. परीक्षेत मार्क चांगले मिळाले. आचरणात मात्र आम्ही नापास झालो. कसे, ते सांगतो.

गेल्या नाताळात गोठ्याचे काम युवकांकडे दिले होते. तेवीस तारखेच्या रात्री आम्ही सहज डोकावलो. डोंगर एका बाजूला कलला होता, दिव्यांची माळ वाकडी होती, अर्धे काम बाकी होते आणि मुले वडापाव खात हसत बसली होती. आम्ही अस्वस्थ झालो. मुलांना 'उशीर झाला, घरी जा' म्हटले आणि दोघा जाणत्यांना हाताशी घेऊन रात्रीतून सारे नीटनेटके करून टाकले. सकाळी गोठा खरोखर सुंदर दिसत होता. तुमच्यापैकी कित्येकांनी आमचे कौतुकही केले. दहावीतला एक मुलगा मात्र जवळ येऊन म्हणाला, "फादर, गोठा मस्त झालाय. पण कोणाचा आहे?" आम्ही हसून वेळ मारून नेली. जानेवारीच्या युवा सभेला फक्त चार जण आले, तेव्हा तो प्रश्न आम्हाला नीट ऐकू आला.

त्या चौघांची आणि न आलेल्यांची आम्ही भेटून क्षमा मागितली आहे. तुमच्यासमोरही मागतो.

यंदा गोठ्याच्या खोलीची किल्ली युवकांकडे असेल. सामानाचा खर्च, माणसे, वेळ सारे तेच ठरवतील. डोंगर कलला तर कललेलाच राहील, आणि कृपया कोणी आमच्याकडे तक्रार घेऊन येऊ नये. तेवीस तारखेच्या रात्री आम्ही आमच्या खोलीत असू. दिवा चालू ठेवू. मुलांनी हाक मारली तर येऊ.

तुमचे धर्मगुरू