हन्नेचा झगा आणि एलीचे कान

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१८-२१, ३:१-१८



शमुवेलाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांना सांगतो ती बहुधा रात्रीच्या हाकेची. त्याआधीची एक लहानशी गोष्ट मात्र आपण घाईने ओलांडून जातो. हन्ना दरवर्षी नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञासाठी शिलोला जाई, तेव्हा मुलासाठी एक लहान झगा करून नेत असे.

पहा, तिने मूल देवाला वाहिले होते. नवस फेडला होता. मंदिर देवाचे, याजक देवाचा. आता माझे काम संपले, असे ती म्हणू शकली असती. तरी ती झगा शिवते. वाढत्या मुलाचा झगा शिवायचा तर त्याची उंची ठाऊक पाहिजे. तिला माप कसे कळत असे हे शास्त्र सांगत नाही. परंतु मुलाकडे नीट पाहिल्यावाचून ते कळत नाही, हे कोणतीही आई सांगेल. हन्नेने मूल सोपवले होते, त्याच्याकडे पाहणे सोडले नव्हते.

आपण काय करतो? शाळा उघडली की फी भरतो, गणवेश घेतो, वह्यांना कव्हरे घालतो, रिक्षा ठरवतो. मग वर्षभर शाळा जाणे आणि मूल जाणे. वार्षिक परीक्षा आली तरी वर्गशिक्षकांचे नाव किती बापांना सांगता येईल? (आयांना येते, मी बापांनाच विचारतो आहे.) नेहमी बडबडणारे लेकरू गप्प झाले, डबा तसाच परत येऊ लागला, सकाळ झाली की पोट दुखू लागले, तर झग्याचे माप बदलले आहे असे समजावे आणि शाळेची पायरी चढावी.

आता एलीकडे वळू. एलकाना व हन्ना आली की एली त्यांना आशीर्वाद देई. मूल ज्याच्या हाताखाली होते तो आईबापांना दरवर्षी भेटे आणि ती भेट तक्रारीची नसे. आमच्या शिक्षकबंधूंनी हे मनावर घ्यावे. पालकाला शाळेची चिठ्ठी गेली की त्याच्या छातीत धस्स होते, कारण काही बिघडल्यावाचून आपण चिठ्ठी पाठवतच नाही. असा पालक उद्या शंका आली तरी विचारायला येणार नाही.

दोघांच्या मधल्या जागेतच लेकरे हरवतात. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेली होती. तो सोबतच्या मंडळींत असेल असा त्यांचा समज होता. ती निष्काळजी नव्हती, तिसऱ्या दिवशी तो सापडेपर्यंत कष्टी होऊन त्याला शोधत होती. फसवले ते त्या समजाने. आजही हजेरीपटावर मूल गैरहजर असते आणि घरी ते शाळेत गेलेले असते. दोन्हीकडे समजच असतो. पहिल्या तासाची हजेरी झाल्यावर घरी एक फोन गेला तर तो तिथल्या तिथे मोडेल.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यात हरणी येथील तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. त्या शोकग्रस्त घरांकडे कोणी बोट दाखवू नये. दोषाचा निवाडा न्यायालयाचा. आपण आपल्यापुरते एवढेच पाहावे, की सहलीच्या संमतीपत्रावर सही करताना आपण काय विचारतो. पाण्याजवळ जाणार का? होडीत बसवणार का? किती मुलांमागे किती मोठी माणसे? हे विचारणाऱ्या पालकाला शाळेने कटकट्या म्हणू नये. त्याने विचारले म्हणून शिक्षकालाही होडीवाल्यासमोर नाही म्हणण्याचे बळ येते.

कायद्यानेही हे ओळखले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. म्हणजे आमच्या मिशन शाळांवर सक्ती राहिली नाही. तेव्हा त्यांनी आपण होऊन पालकांना बैठकीत बसवावे, हे अधिक शोभेल.

आणखी एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. एलीचे मुलगे दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीच्या कानी ते आले. त्याने त्यांना दटावले आणि तेथेच ठेवले. आजही शाळेत, वसतिगृहात, होय, शब्बाथशाळेतही असे काही कानी आले की वडीलमंडळी म्हणतात, समज दिली आहे, आता संस्थेची अब्रू सांभाळा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे लेकरावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असून पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. समज देऊन जबाबदारी फिटत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक वर्गाच्या दारावर आणि शब्बाथशाळेच्या फळ्यावर ठळक लिहावा. तो मुलांना पाठ असावा.

तथापि त्याच एलीपासून एक चांगली गोष्टही शिकावी. रात्री शमुवेल तीनदा त्याच्याकडे धावत आला. म्हातारा माणूस, डोळे मंदावलेले, झोप मोडलेली. तरी तो मुलावर खेकसला नाही. म्हणूनच लेकरू पुन्हा आले. सकाळी शमुवेल बोलायला भ्याला, कारण जे सांगायचे ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. एलीने त्याला जवळ बोलावले, काही लपवू नको असे शपथ घालून सांगितले आणि स्वतःविरुद्धचे सर्व शेवटपर्यंत ऐकून घेतले. आपल्या शाळेत, आपल्या मंडळीत, मुलाला मुख्याध्यापकाविरुद्ध किंवा पाळकाविरुद्ध काही सांगायचे असेल तर ते कोणाजवळ सांगेल, हे पाळकांनी व कमिटीने ठरवून मुलांना नावानिशी सांगावे. त्यांत निदान एक बहीण असावी. शाळा उघडण्याआधीच्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतील शिक्षक आणि पालक अर्धा तास एकत्र बसले तर एवढे काम सहज होईल.