अंगणावाचून श्वान

नामदेवरायांच्या हातची भाकर घेऊन कुत्रा पळाला आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तो कुत्रा मोकळा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. हल्ली पुण्या-मुंबईस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुत्रा पाळतात. त्यास तूप मिळते, धावणे मिळत नाही. मग ही भूतदया म्हणावी की आपल्या करमणुकीसाठी घातलेले बंधन?

माझ्या अल्पमतीप्रमाणे दोष अंगण नसण्याचा नव्हे. अहो, अंगण असून जन्मभर साखळीस जखडलेली कुत्री काय थोडी आहेत? बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास धन्याने फिरवलेच नाही, तर सन १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानेही तो अपराध ठरतो. सकाळ-संध्याकाळ त्यास बाहेर न्यावे, मातीचा वास मनसोक्त घेऊ द्यावा, पिसाळू नये म्हणून लस टोचावी, आणि त्याची घाण शेजाऱ्याच्या दारी न टाकता स्वतः उचलावी. सोवळ्याची अडचण सांगणारास मी म्हणतो, बाबा, हात धुता येतात!

खरी परीक्षा आषाढीस. माळकऱ्याचे घर अठरा-वीस दिवस वारीस निघते, तेव्हा त्या मुक्या जिवाकडे कोण पाहणार? महाप्रस्थानी युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही कुत्रा टाकला नाही. आश्रिताचा त्याग त्याने पाप मानला. तेव्हा मायेने सांभाळणारे कोणी असेल, तर त्याच्याकडे ठेवून खुशाल निघा. नसेल तर एकाने घरी राहावे. त्याची वारी चुकली, असे मी तरी म्हणणार नाही.