ज्याला धनी नाही, ते कोणाचे?

दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे ही चोरी होय, हे लहान मुलालाही कळते. परंतु ज्या वस्तूला धनीच नाही, ती घेताना दोष लागतो की नाही? रानातील सफेद मुसळी हा प्रश्न आपल्यापुढे उभा करते.

कडोदऱ्याच्या पूर्वेस डांगच्या सागवानी रानांत आणि सह्याद्रीत ही वनस्पती मोठ्या झाडांच्या सावलीत पावसाबरोबर उगवते. तिला पांढरी, चांदणीसारखी फुले येतात. पावसाळा सरताच पाने सुकतात व बोटांसारखी मुळे पुढील पावसापर्यंत मातीत निजून राहतात. फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचे वर्णन केले व मुंबईच्या बोरिवलीवरून तिचे शास्त्रीय नाव ठेवले.

हिची पाने खुडली, तर झाड जगते. परंतु औषधासाठी मागणी आहे ती मुळांची; आणि मूळ सगळे उपटले की पुढील वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. म्हणून घेण्या-घेण्यात भेद आहे. जे पुन्हा येईल ते घेणे हा उपभोग. जे पुन्हा येणार नाही ते घेणे हे उद्या येणाऱ्याच्या वाट्याचे हरण होय. धनी दिसत नाही, एवढ्याने वस्तू बेवारशी ठरत नाही.

कोणी म्हणेल, पोटासाठी मुळे खणणाऱ्या गरिबाला हा उपदेश कशाला? आक्षेप रास्त आहे. त्याच्याहून अधिक भार विकत घेणाऱ्यावर पडतो. म्हणूनच ज्याच्या अंगणात आंब्याची विरळ सावली आहे, त्याने मुसळी स्वतः लावावी. आपल्याकडील काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात; यासाठी वाळू व शेणखत मिसळून उंच वाफा करावा. पहिल्या पावसानंतर शेंड्याच्या डोळ्यासह दोन-तीन मुळे लावावीत. बेणे मात्र लागवड करणाऱ्याकडूनच घ्यावे. रानातून उपटून आणणे म्हणजे दोषाची केवळ जागा बदलणे. काढणीच्या वेळी काही मुळे डोळ्यासह पुढील वर्षासाठी राखावीत.

अंगणातील एका वाफ्याने रान भरून निघत नाही, हे खरे. परंतु वर्षातील बहुतेक महिने उघडा दिसणारा तो वाफा न खणता राखणे, हाच संयमाचा पाठ आहे. दिसत नाही त्यावरही कोणाचा तरी हक्क असतो, हे जो आपल्या अंगणात शिकला, तो रानात पाऊल टाकताना हात आवरता घेईल.