अर्ध्यावरच्या पुस्तकाची शिफारस

“सध्यां काय वाचीत आहां?” हा प्रश्न सुशिक्षित मंडळींत प्रकृतीच्या चौकशीइतकाच सहज विचारला जातो, आणि त्याचें उत्तरही तितक्याच सहजपणें दिलें जातें. उत्तर देणारा पुस्तकाचें नांव सांगतो, पाठोपाठ “अवश्य वाचा” असें म्हणतो, आणि विषय संपतो. परंतु या दोन शब्दांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, व तो वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. जें पुस्तक आम्ही स्वतः अद्यापि संपविलेलें नाहीं, तें दुसऱ्यास वाचावयास सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे काय?

पुसदसारख्या गांवीं हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. मुंबई-पुण्याचा वाचक मोठ्या दुकानांत शिरून दहा पुस्तकें चाळूं शकतो व त्यांतून एक निवडूं शकतो. पूस नदीच्या कांठच्या आमच्या या गांवीं तशी निवड करण्यास वाव थोडा. पुस्तक पुष्कळदां टपालानें मागवावें लागतें, आणि न पाहिलेल्या वस्तूसाठीं पैसे मोजतांना मनुष्य ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबतो. तो शब्द प्राध्यापकाचा असला तर मग विचारावयासच नको. ज्या घरीं महिन्याकांठीं एखादेंच पुस्तक घेणें परवडतें, तेथें आई, मुलगा व मुलगी तेंच एक आळीपाळीनें वाचतात. म्हणजे आम्ही सहज उच्चारलेल्या शब्दानें एका कुटुंबाचें महिन्याभराचें वाचन ठरून जातें. पैशांची हानि कशीबशी भरून निघेल. पण नुकत्याच वाचूं लागलेल्या मुलाच्या हातीं दोन-तीन वेळां न पचणारें पुस्तक पडलें, तर तो पुस्तकाला दोष देत नाहीं. ‘वाचन हें आपलें काम नव्हे’ अशी समजूत करून घेतो. ही हानि भरून काढणें कठीण.

यावर कित्येक विवेकी गृहस्थ म्हणतील कीं, पुस्तक संपेपर्यंत त्याविषयीं मौन पाळावें, म्हणजे झालें. हा पक्ष दुबळा नाहीं. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी घ्या. तींत यमूचा मुंबईंतील संसार जेथें आनंदानें चालला आहे, तेथपर्यंतच वाचून कोणी ती एखाद्या नवविवाहितेस ‘सुखी संसाराची गोष्ट’ म्हणून दिली, तर काय होईल? पुढें पतीचा मृत्यु आणि यमूचें बळजबरीनें झालेलें केशवपन येथवर पोंचल्यावर, पुस्तक देणाऱ्यानें आपणांस फसविलें असेंच त्या मुलीस वाटेल. पुस्तक उत्तम, देणाऱ्याचा हेतुही शुद्ध. तरी शिफारस खोटी ठरली. कारण ग्रंथाचा शेवट मागील सर्व पानांचा अर्थ बदलूं शकतो.

परंतु हीच कादंबरी दुसऱ्या पक्षाचीही साक्ष देते. ती प्रथम १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या वाचकास हातीं येईल तेवढाच भाग वाचावयास मिळे. यमूचें पुढें काय होणार हें जाणण्यास त्याजवळ साधन नव्हतें. ‘संपल्यावर काय तें बोलूं’ असें व्रत त्या वाचकांनीं घेतलें असतें, तर यमूच्या दुःखाविषयीं एक अक्षर बोलण्यास त्यांस वर्षानुवर्षें थांबावें लागलें असतें. आणि थांबल्यावर जें बोलणें होतें, त्यांत पहिला कळवळा बहुधा उरत नाहीं. पुस्तक वाचून हातावेगळें झालें म्हणजे त्याविषयीं आमचें मत बनतें. तें चालू असतें तोंवर आमच्या मनांत प्रश्न असतात. मित्रास द्यावयाची वस्तु म्हणून पाहिलें, तर पुष्कळ वेळां प्रश्नच अधिक मोलाचे ठरतात.

तेव्हां बोलावें कीं न बोलावें, हा खरा वाद नव्हे. काय म्हणून बोलावें, हा खरा मुद्दा आहे. निर्णय देणारानें सर्व प्रकरण ऐकलें असलें पाहिजे. साक्षीदारावर तसें बंधन नाहीं. त्यानें जेवढें पाहिलें तेवढेंच सांगावें, इतकीच त्याजपासून अपेक्षा असते. अर्ध्यावरच्या पुस्तकाविषयीं बोलणारा हा साक्षीदार होय. त्यानें न्यायाधीशाच्या आसनावर बसूं नये.

साक्ष कशी द्यावी याचा उत्तम नमुना आमच्या वऱ्हाडांतच आहे. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, त्या ज्यांनीं प्रसंग पाहिले-ऐकले त्यांस विचारून. पुढें मूळ पोथी धाडींत नष्ट झाली व अनुयायांनीं ती स्मरणानें पुन्हां सिद्ध केली, अशी महानुभाव परंपरा सांगते. आज लीळाचरित्र वाचतांना एखाद्या प्रसंगाविषयीं कोणाची आठवण निराळी होती, हें त्या त्या व्यक्तीच्या नांवासह नोंदलेलें आढळतें. स्वतःचें ज्ञान कोठें संपतें हें सांगण्यांत त्या मंडळींना कमीपणा वाटला नाहीं.

याच वाङ्मयाच्या इतिहासांत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. संप्रदायाचे ग्रंथ पुढें सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले, आणि कित्येक शतकें बाहेरच्या मराठी वाचकास ते अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं त्या लिपीची उकल केली, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांच्यासारख्या अभ्यासकांनीं पुढें तें वाङ्मय महाराष्ट्रासमोर आणलें. ज्यांनीं ग्रंथ जपले त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. जपले म्हणूनच ते आज आहेत. परंतु ग्रंथ जपणें आणि ग्रंथ पोंचविणें हीं दोन निराळीं कर्तव्यें आहेत. कोणतेंही भय नसतां, केवळ ‘अजून संपलें नाहीं’ एवढ्याच सबबीवर जो चांगल्या पुस्तकाविषयीं मुग्ध राहतो, त्याच्या मौनास आम्ही विवेक म्हणणार नाहीं. ती कृपणता होय. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनीं १९३१ सालीं सांगितलेल्या पांच नियमांत प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा असा एक नियम आहे. ग्रंथालय पुस्तक फळीवर मांडील. पण फळीपासून वाचकापर्यंतचें अंतर पुष्कळदां एखाद्या माणसाच्या शब्दानेंच तुटतें.

तो शब्द उच्चारतांना मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. आपण कोठवर आलों आहों तें सांगावें. समोरचा कोण आहे तें पाहावें. सोळा वर्षांच्या मुलीस व साठ वर्षांच्या वकिलास एकच पुस्तक एकाच उत्साहानें सुचविणारा मनुष्य पुस्तकाचा विचार करतो, वाचकाचा करीत नाहीं. आणि आपल्या मनाची झडती घ्यावी. अलीकडे हातांतील जाडजूड ग्रंथाच्या मुखपृष्ठाचें छायाचित्र मोबाईलवरून शंभर जणांस धाडण्याची रीति पडली आहे. त्यांत रसिकता नसतेच असें नाहीं. परंतु पुष्कळ वेळां ती ग्रंथाची शिफारस नसून वाचणाराची असते. कसोटी सोपी आहे: हें पुस्तक आपण सुचविलें असें कधींच कोणास कळणार नाहीं, असें ठरलें तरीही आपण तें सुचविलें असतें काय?

शेवटचें पथ्य सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच बहुधा विसरलें जातें. अर्ध्यावरचें पुस्तक सुचविणारा एक ऋण काढतो. पुस्तक संपल्यावर त्यानें पुन्हां त्या मित्राकडे जावें आणि उरलेली साक्ष द्यावी: उत्तरार्ध पडला असेल तर पडला म्हणावें, पहिलें मत फिरलें असेल तर फिरलें म्हणावें. तोंवर मित्रानेंही तें वाचलें असेल, त्याचें मत निराळें असेल, आणि त्यांतूनच खरें संभाषण सुरू होईल. जो हें ऋण फेडावयास तयार आहे, त्यानें पहिल्या प्रकरणावरूनही पुस्तक खुशाल सुचवावें. जो तयार नाहीं, त्यानें शेवटचें पान उलटून झाल्यावरही जपूनच बोलावें.