संकोचाची किंमत

उंटरश्लाइसहाइम हे म्युनिकच्या उत्तरेचे, एस-१ लोकलवरचे छोटे शहर. शेजारच्या गार्शिंगमध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे विभाग आणि माक्स प्लांक संस्था आहेत. त्यामुळे इकडच्या मराठी घरांत पोस्टडॉक, शोधनिबंध, नेमणुकीच्या मुलाखती हे रोजचे विषय. संशोधन करणाऱ्या मैत्रिणी मात्र स्वतःच्या कामाविषयी हातचे राखून बोलतात. ‘काम चांगले असेल तर लोक आपणहून विचारतील,’ ही त्यांची धारणा. याला स्त्रीस्वभाव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो.

सुरुवातीला प्रश्न परवानगीचा होता. याच बव्हेरियातल्या एर्लांगेनमध्ये गणितज्ञ एमी नोएटर यांनी १९०७ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच बिनपगारी काम केले. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी त्यांना ग्योटिंगेनला बोलावले, पण त्यांची व्याख्याने जाहीर होत ती हिल्बर्ट यांच्या नावाने. आधुनिक भौतिकशास्त्राला पायाभूत ठरलेला त्यांचा सिद्धान्त १९१८ मध्ये तिथल्या विद्वत्सभेपुढे मांडला क्लाइन यांनी, कारण नोएटर त्या सभेच्या सदस्य नव्हत्या.

आपल्याकडच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असतो, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो ‘युगान्त’साठी, बर्लिनमधले हे धैर्य फार थोड्यांना ठाऊक आहे. कमला सोहोनी यांनी तर हक्क मागूनच घेतला. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी १९३३ मध्ये प्रवेश नाकारला, तेव्हा त्या हटून बसल्या. प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या परीक्षेवर. स्वतःसाठी बोलणाऱ्या स्त्रीला दाद मिळते ती अशी अटींसह, हे तेव्हाच दिसले होते.

नियम सैलावले, तसा प्रश्न श्रेयाचा झाला. नामवंताला अधिक श्रेय मिळत जाते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये एका लेखात दाखवले. त्या लेखाला हॅरिएट झुकरमन यांच्या मुलाखतींचा मोठा आधार होता. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे मान्य केले. स्त्रियांचे श्रेय पुरुषांच्या खाती जमा होण्याला १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी ‘माटिल्डा परिणाम’ असे नाव दिले.

मग नजर संकोचाकडे वळली. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ लॉरी रडमन यांच्या प्रयोगांत आढळले, की आपली कर्तबगारी ठामपणे सांगणारी स्त्री लोकांना सक्षम वाटते, पण नावडती होते. २०१७ मध्ये सुमारे १५ लाख शोधलेखांच्या पाहणीतून पुरुष स्वतःच्या लेखांचे संदर्भ स्त्रियांपेक्षा ५६ टक्के अधिक देतात, असे दिसले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाने बजावले, की आधीच्या लेखांची संख्या धरली तर हा फरक जवळपास उरत नाही. ज्यांना लिहिण्याची संधीच कमी, त्या स्वतःचे काय उद्धृत करणार? २०१९ मध्ये मानहाइम विद्यापीठाच्या मार्क लेर्शनम्युलर आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय लेख तपासले. पहिली आणि शेवटची लेखक स्त्री असलेल्या लेखांत ‘अभिनव’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द कमी येतात. असे शब्द असलेल्या लेखांना मात्र संदर्भ अधिक मिळतात.

एवढे पाहिल्यावर मैत्रिणींचा संकोच मला अनुभवातून आलेला शहाणपणा वाटतो. बोलले तर रोष, न बोलले तर विस्मरण. त्यांतले त्यांनी कमी दुखणारे निवडले आहे. म्हणून ‘जरा पुढे या, बोला’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. तो धोका पत्करायला सांगतो आणि धोका निर्माण करणाऱ्यांना मोकळे सोडतो. निवड समितीने विशेषणे बाजूला ठेवून प्रत्यक्ष लेख वाचावेत. मार्गदर्शकाने चर्चासत्रात ‘ही कल्पना हिची’ असे नाव घेऊन सांगावे. सहकाऱ्यांनी जिचे काम वापरले तिचा संदर्भ द्यावा. ही साधी कर्तव्ये आहेत आणि ती पाळायला कोणाचाही स्वभाव बदलावा लागत नाही.