अपराधी बालकाचा न्याय

पंधरा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याची दुचाकी चोरली, तर न्याय कशाचा करावयाचा? त्याने केलेल्या कृत्याचा, की त्याच्यातून पुढे घडणाऱ्या मनुष्याचा? हा प्रश्न वकिलांचा आहे असे समजून आपण तो बाजूस सारतो. परंतु ज्या गावात तो मुलगा जन्मला आणि जेथे तो परत येणार आहे, त्या गावाचाही तो प्रश्न आहे. ज्या मंडळीत त्याची आई दर रविवारी येऊन बसते, तिचा तर तो विशेषच आहे.

याचे उत्तर आपल्या देशास एकाएकी सापडले नाही. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या औदार्याने सुधारशाळा निघाली, आणि चुकलेल्या मुलास तुरुंगाऐवजी उद्योग शिकवावा हा विचार रुजू लागला. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु त्याच काळात दुसरा एक कायदाही चालू होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे आपल्या इलाख्यासही लागू झाला, आणि कित्येक जमातींची मुले पाळण्यातच चोर ठरली. १९५२ साली हा कलंक देशाच्या कायद्यातून पुसला गेला. माणसांच्या जिभेवरून तो अद्याप गेलेला नाही.

१९८६ साली शीला बर्से यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने मुलांस तुरुंगात ठेवू नये असे बजावले, आणि त्याच वर्षी सर्व देशासाठी बाल न्याय अधिनियम आला. २००० साली मुलगा व मुलगी दोघांसही अठरा वर्षांपर्यंत बालक मानण्यात आले. आज २०१५ चा अधिनियम लागू आहे. त्याप्रमाणे पकडलेल्या मुलास पोलीस कोठडीत अथवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळावर एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी एक स्त्री असावी लागते. त्याचे नाव वा छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे.

यावर पुष्कळ लोक विचारतात, हा लाड नव्हे काय? ज्याचे नुकसान झाले त्याने कोणाकडे पाहावे? हा आक्षेप हलका नाही. २०१२ च्या दिल्लीतील भयंकर कृत्यानंतर देशात जो संताप उसळला, त्यामुळेच सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिघोर अपराध केल्यास त्यास प्रौढाप्रमाणे न्यायासनापुढे उभे करण्याची वाट २०१५ च्या कायद्याने ठेवली. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्यास जामीन देताना अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगण्यात आले, तेव्हाही लोक खवळले. गरिबाच्या मुलास अशीच वागणूक मिळाली असती काय, असे त्यांनी विचारले. तो प्रश्न रास्त होता.

परंतु या संतापातून दया टाकून द्यावी असे निष्पन्न होत नाही. जी दया मुलाकडून काहीच मागत नाही, ती दया नव्हे, बेपर्वाई होय. आणि जी शिक्षा मुलापासून कशाचीच आशा करीत नाही, तीही बेपर्वाईच होय. दोन्ही मुलास सोडून देतात. एक रस्त्यावर, दुसरी गजांआड.

आपल्या विट्याच्या परिसरातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानात पसरले आहेत. हीण आढळले म्हणून कोणताही कारागीर सोने उकिरड्यावर फेकीत नाही. आणि हीण मुळीच नाही, अशी समजूतही करून घेत नाही. तो मूस तापवितो आणि तिच्याजवळ बसून राहतो. मलाखी संदेष्ट्याने प्रभूस रुपे शुद्ध करणाऱ्याची उपमा दिली आहे, तिचे मर्म आपल्या भागातील लोकांस समजावून सांगावे लागू नये.

प्रेषित पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. पळून गेलेल्या अनेसिमास तो परत पाठवितो. नुकसान झालेच नाही असे तो म्हणत नाही, आणि फिलेमोनाने ते मुकाट्याने सोसावे असेही म्हणत नाही. ते देणे तो आपल्या स्वतःच्या नावे मांडावयास सांगतो. दया व न्याय यांची भेट येथे होते. देणे मोजले जाते, आणि देणेकऱ्याशेजारी कोणीतरी जामीन उभा राहतो.

आजच्या कायद्यातही अशी जागा ठेविलेली आहे. मंडळ मुलास समज देऊ शकते, समाजसेवेचे काम लावू शकते, आईबापांस दंड करू शकते, तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकते; किंवा आईबाप अथवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली घरी सोडू शकते. ती योग्य व्यक्ती कोठून यावयाची? सरकार मंडळ नेमू शकते, आणि त्यातही कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात व प्रकरणे तुंबतात. त्या जागा वेळेवर भरा अशी मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु मुलाच्या शेजारी उभे राहणारा शेजारी सरकारास निर्माण करता येत नाही.

यास्तव प्रत्येक पाळकाने व उपदेशकाने तीन गोष्टी ध्यानी धराव्या. मूल पकडले गेल्याचे कळताच आईबापांबरोबर जावे. विनामूल्य वकील मिळण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरीही तितक्याच तत्परतेने जावे, आणि मुलाने भरपाई कशी करावी हे त्यास विचारावे. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. प्रौढाप्रमाणे दोषी ठरलेली सोळा वर्षांवरील मुले वगळता, कायदा म्हणतो की या अपराधामुळे मुलास पुढे कोणतीही अपात्रता लागू नये. सरकारी दप्तरातील नोंद नष्ट होईल. परंतु पाराजवळ, पाणवठ्यावर आणि आपल्या उपासनामंदिराच्या दारात ‘तोच तो चोर’ हे शब्द कोणी पुसावयाचे?

उधळ्या पुत्रास बापाने घरात घेतले, तेव्हा थोरला भाऊ बाहेरच उभा राहिला. तो आत गेला किंवा नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. आपल्या गावी मूल परत येईल तेव्हा ते उत्तर आपणांसच द्यावे लागेल. प्रभू आपणांस दार उघडण्याचे धैर्य देवो.

— एक पाळक, विटा